आदल्या रात्रीची स्कूटर

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



सदाशिव पेठेत राहणारा एक माणूस रविवारी पहाटे गळ आणि गांडुळांचा डबा घेऊन घराबाहेर पडतो, हे ऐकून तुमच्यापैकी काहींच्या भुवया वर गेल्या असतील. तो माणूस मुसलमान आहे आणि मराठीत कविता करतो, हे कळल्यावर उरलेल्यांच्याही गेल्या असतील. तीस वर्षांहून अधिक काळ मी या भुवयांखालून जा-ये करतो आहे, त्यामुळे त्यांच्याविषयी आज काही सांगत नाही. मासे धरणारी माणसं जमली की माशाच्या लांबीवर बोलतात. ही लांबी दरवर्षी थोडी वाढते. पण त्या पाण्यापर्यंत ज्या गाडीवरून गेलो आणि जिच्यावरून परत आलो, तिच्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. मी आज त्या गाडीबद्दल बोलणार आहे. म्हणजे खरं तर रविवारच्या आदल्या रात्रीबद्दल.

माझे वडील नाना पेठेतल्या एका गॅरेजात मिस्त्री होते. नाना पेठ म्हणजे पुण्यातली गाड्यांच्या सुट्या भागांची बाजारपेठ. अब्बांच्या हातांना कायम ग्रीसचा वास यायचा. मी बी.ए. झालो आणि छापखान्यात मुद्रितं तपासायला लागलो, तेव्हा त्यांना एवढंच समाधान वाटलं की पोराच्या बोटांनाही काळं लागतं, शाईचं का होईना. मासे धरायला मला त्यांनीच शिकवलं. खडकवासल्याच्या पाण्याकाठी सायकलवरून जायचो आम्ही. पुढे १९९५ साली त्यांनी मला एक जुनी चेतक घेऊन दिली. आकुर्डीत तयार होणारी ही स्कूटर बाजारात आली १९७२ साली, आणि एके काळी तिच्यासाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसत. माझ्या वाट्याला आली ती तिसऱ्या मालकाकडून. सुरू करताना तिला एका कुशीवर कलती करावी लागायची, हे त्या पिढीतल्या श्रोत्यांना वेगळं सांगायला नको.

सदाशिव पेठेत मी त्याआधी दोन वर्षं आलो होतो, १९९३ साली. छापखाना जवळ होता म्हणून खोली शोधत होतो. नागनाथ पाराजवळ एका वाड्यात तळमजल्यावरची खोली रिकामी होती. मालकांनी माझं नाव विचारलं, मग आडनाव विचारलं, आणि मग बराच वेळ काहीच विचारलं नाही. माझं नशीब असं की वरच्या मजल्यावर राहणारे अण्णा त्याच वेळी जिना उतरत होते. शाळामास्तर होते ते, निवृत्तीला तीनेक वर्षं उरलेली. त्यांनी माझी एक कविता कुठल्याशा दिवाळी अंकात वाचली होती. "अहो, हे आपले कवी," असं ते मालकांना म्हणाले. त्या 'आपले' शब्दावर मला खोली मिळाली. मालकांची अट एकच, मासे वाड्यात आणायचे नाहीत. मी ती पाळली. मासे परस्पर नाना पेठेत अम्मीकडे जायचे आणि वाड्यात यायचा तो फक्त मी, आंघोळ करून.

आता शनिवारची रात्र. नऊ वाजता जेवण झालं की मी स्कूटर वाड्याच्या चौकात घ्यायचो आणि अण्णा बॅटरी धरायला खाली यायचे. त्यांना यंत्रातलं काही कळत नसे, पण प्रश्न विचारायची मास्तरकीची सवय सुटलेली नव्हती. त्यांना उत्तरं देता देता मी काय करतो आहे ते मलाच नीट समजत गेलं.

अब्बांचा क्रम आपल्या क्रमाच्या उलटा होता. आपण काय करतो? आधी किक मारतो. गाडी सुरू झाली की खूश होतो आणि झोपायला जातो. अब्बा किक सगळ्यांत शेवटी मारायचे. आधी चाकं, मग ब्रेक, मग केबली, मग दिवे, आणि हे सगळं उरकल्यावर इंजिन. ते म्हणायचे, इंजिन बंद पडलं तर गाडी थांबते आणि ब्रेक गेला तर थांबत नाही. यातलं वाईट कोणतं ते तूच ठरव, तू बी.ए. आहेस.

चाकाची हवा बोटाने दाबून बघणं त्यांना मान्य नव्हतं. मीटर लावून बघायची, आणि तीही गाडी थंड असताना. गाडी पळून आली की टायर तापतो आणि आकडा फुगलेला दिसतो. पुढच्या चाकापेक्षा मागच्यात जास्त, आणि मागे माणूस बसणार असेल तर त्याहून जास्त. आकडा गाडीसोबतच्या पुस्तकात असतो, तो शेजाऱ्याला विचारायचा नसतो. मग टायर हाताने फिरवत बॅटरीच्या उजेडात त्याची पूर्ण फेरी बघायची. काटा, खिळा, काचेचा तुकडा तिथल्या तिथे काढायचा. टायरच्या कडेवरच्या भेगा बघायच्या, कारण नक्षी शाबूत असली तरी रबर म्हातारं होतं. हल्लीच्या टायरवर चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. दहा मिनिटं भाव करून टायर घेणारे लोक हे चार आकडे मात्र वाचत नाहीत.

आणि स्टेपनी. चेतकला ती मागे लटकलेली असे. जुन्या लोकांना ती धोपटीसारखी वाटायची, तिच्यावर पिशव्या अडकवायच्या, छत्री खोचायची. अब्बांचा नियम असा की स्टेपनीत हवा सगळ्यांत जास्त लागणाऱ्या आकड्याइतकी भरून ठेवायची, कारण रस्त्यात हवा सोडता येते, भरता येत नाही.

ब्रेकची केबल बहुतेक वेळा टोकाशी दगा देते, लिव्हरच्या आत, जिथे आपल्याला दिसत नाही. एकेक तार सुटत जाते आणि शेवटच्या दोन तारांवर आपण घाट उतरत असतो. लिव्हर बाहेरच्या बाजूने उघडून बॅटरी मारली की सुटलेली तार दिसते, हाताला टोचते. टोचली की केबल बदलायची. क्लचची एक नवी केबल, एक प्लग, प्लगचा पाना, दिव्याचा एक बल्ब कापडात गुंडाळून, हे डिकीत कायम. बल्बचं महत्त्व कवीलाही कळावं असं आहे. आपण निघतो पहाटे आणि परततो तेही अंधारात. धरणाच्या रस्त्यावर बैलगाडी असते, बंद पडलेला उसाचा ट्रॅक्टर असतो, आणि त्यांच्यापैकी कोणालाच मागे दिवा नसतो. निदान आपल्याला पुढे असावा.

इंजिनाबद्दल फार सांगत नाही. प्लग साफ करायचा, पेट्रोलमध्ये ऑइल मोजून घालायचं, माझ्या गाडीला लिटरमागे वीस मिलिलिटर, झालं. जुनी गाडी बाळगणाऱ्या आजच्या श्रोत्यांना एक सांगतो. आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं. महिनाभर उभी राहिलेली गाडी थेट सहलीला काढू नका, आधी पेट्रोलची नळी आणि जुनी रबरं तपासून घ्या.

मासेमारीला जाणाऱ्याच्या गाडीला दोन धोके जास्तीचे असतात. पहिला पिशवीचा. चेतकच्या पायाजवळच्या जागेत उजवीकडे ब्रेकचं पेडल असतं. तिथे ठेवलेली ओली पिशवी उतारावर घसरते आणि नेमकी पेडलखाली जाऊन बसते. वर पाय दाबला तरी पेडल खाली जातच नाही. खडकवासल्याच्या उतारावर एकदा रोहूने माझा ब्रेक असा अडवला होता. मेल्यानंतर. तेव्हापासून पिशवी मागे, दोरीने. दुसरा धोका पाण्याचा. गाडी अगदी काठापर्यंत नेऊन चाकं भिजवायचा मोह होतो. ड्रममध्ये पाणी गेलं की ब्रेक धरत नाही. अशा वेळी रस्त्याला लागल्यावर गाडी हळू ठेवून दोन-चारदा ब्रेक हलका दाबत जायचं, तो घासून वाळतो. गळ बुचात टोचून ठेवायचे, हे सांगण्याची गरज नाही. ज्याने एकदा तसं केलं नाही त्याला ते जन्मभर सांगावं लागत नाही.

अण्णा माझ्याबरोबर पानशेतला यायला लागले ते निवृत्त झाल्यावर. शाकाहारी माणूस, मासा गळाला लागला की तोंड फिरवायचे. मग यायचे कशाला? एकदा विचारलं, तेव्हा कळलं. १२ जुलै १९६१ला पानशेतचं धरण फुटलं, मागोमाग खडकवासल्याचं, आणि पुण्यात पाणी शिरलं. अण्णा तेव्हा चोवीस वर्षांचे होते आणि नारायण पेठेत नदीच्या बाजूला राहत होते. घर गेलं. त्यात त्यांची पुस्तकांची ट्रंकही गेली. उधारी बुडवलेल्या माणसाच्या दारात जाऊन नुसतं बसावं, तसे ते त्या पाण्याशी येऊन बसायचे. थर्मासमधला चहा, एक पुस्तक आणि समोर पाणी. माझा गळ हलायचा, ते पान उलटायचे.

१९९८ सालच्या नोव्हेंबरातली गोष्ट. शनिवारी माझं एका सभागृहात काव्यवाचन होतं. चांगलं झालं, जरा जास्तच चांगलं झालं. रात्री साडेअकराला वाड्यात आलो. अण्णा बॅटरी घेऊन कठड्याशी उभे होते. मी म्हटलं, "अण्णा, झोपा तुम्ही, गाडी ठीक आहे." त्यांचं समाधान व्हावं म्हणून एक किक मारली. पहिल्या किकला सुरू झाली. त्या रात्री माझी आणि तिची तऱ्हा एकच होती. दोघांनाही टाळ्या मिळाल्या होत्या आणि दोघांनाही कोणी तपासलेलं नव्हतं.

रविवारचा दिवस छान गेला. धरणाच्या पाण्यातला मासेमारीचा हक्क बहुतेक ठिकाणी मच्छीमारांच्या सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतो, म्हणून मी नेहमी तिथल्या माणसाला विचारून, द्यायचे ते पैसे देऊन बसत असे. त्या दिवशीही बसलो. संध्याकाळी सहाला सामान आवरलं. काठावरून स्कूटरपर्यंतचा चढ दोनेकशे पावलांचा. अण्णा मध्ये तीनदा थांबले. वर आले तेव्हा त्या थंडीत त्यांचा सदरा घामाने चिकटला होता. म्हणाले, "पित्त झालंय. डावा खांदा भरून आलाय जरा." आणि मी पाहिलं, मागचं चाक जमिनीला टेकलेलं. बाभळीचा काटा होता.

चाक बदलायला मला दहा-बारा मिनिटं लागतात. अब्बांनी डोळे बांधून करायला लावलेलं काम ते. पाना काढला, नट सैल केले, स्टेपनी उतरवली आणि अंगठा टेकवला. अंगठा आत गेला.

ती केव्हा बसली होती कोण जाणे. वाल्व्हमधून हवा हळूहळू जात असणार. शुक्रवारी गेली असेल, नाहीतर महिन्यापूर्वी. मी पाहिलंच नव्हतं.

तेव्हा आमच्याकडे मोबाईल नव्हता. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिकाही नव्हती. ती महाराष्ट्रात सुरू झाली २०१४ साली. आज अशी वेळ आली तर माणसाला चालवायचं नाही, स्कूटरवर बसवायचं नाही, बसतं-निजतं करून १०८ला फोन लावायचा, हे मला माहीत आहे. त्या दिवशी माहीत नव्हतं. मी संस्थेच्या त्या माणसाला हाक मारली, तो सायकल घेऊन गावाकडे गेला. मी अण्णांचं डोकं मांडीवर घेऊन रस्त्याच्या कडेला बसलो. समोर अंधारात पाणी होतं. अण्णा मध्येच म्हणाले, "कवी, कालची ती शेवटची कविता म्हणा, मी ऐकायची राहिली." मला एक ओळ आठवेना.

सव्वाआठला दुधाचा टेम्पो मिळाला. पुण्यात इस्पितळात पोचलो तेव्हा पावणेदहा वाजले होते. हृदयविकाराचाच झटका होता. तरुण डॉक्टर होते. त्यांनी मला बाजूला घेऊन समजावलं की रक्ताची गुठळी विरघळवणारं औषध पहिल्या तासा-दोन तासांत जितकं काम करतं तितकं नंतर करत नाही, आणि दर मिनिटाला हृदयाचा थोडा स्नायू मरत असतो. मग सहज विचारलं, "इतका उशीर का झाला?" मी म्हटलं, "पंक्चर." ते "अरेरे" म्हणाले. पंक्चरला कोणी गुन्हा म्हणत नाही. मी 'स्टेपनी' हा शब्द उच्चारला नाही. हे मी आज पहिल्यांदा इतक्या लोकांसमोर सांगतो आहे.

अण्णा वाचले. पण निम्मं हृदय गेलं म्हणा. महिन्याने घरी आले तर वाड्याचा लाकडी जिना त्यांना चढवेना. माझी खोली तळमजल्यावर होती. मालकांना विचारून आम्ही खोल्या बदलल्या. ते खाली आले, मी वर गेलो. त्यांची पुस्तकं खाली आणताना एकेका खेपेला मी ते चौदा जिने मोजत होतो, म्हणजे पायऱ्या.

अब्बांना मी सगळं खरं सांगितलं. ते काही बोलले नाहीत. पुढच्या शनिवारी रात्री नऊ वाजता सायकलवरून वाड्यात आले. कॅरिअरला गॅरेजातला जुना पायपंप बांधलेला. तो चौकात ठेवला, स्टेपनी उतरवली, वाल्व्ह बदलला, थुंकी लावून बुडबुडा येतो का पाहिलं, हवा भरली, मीटर लावलं. मग पहिल्यांदा तोंड उघडलं. "जाने की तयारी तो सब करते. आने की करता, वो मिस्त्री." पंप तिथेच ठेवून ते निघून गेले. २००१ साली ते वारले. पंप माझ्याकडे आहे.

मी पुन्हा गळ टाकायला जायला सहा महिने गेले. जाणार आहे हे मी अण्णांना सांगायला तयार नव्हतो. पण स्कूटर चौकात घेतली की त्यांची खिडकी नेमकी समोर. बॅटरीचा झोत खिडकीतून आला आणि आवाज आला, "स्टेपनी?" मी म्हटलं, "भरली." "मीटर लावलं?" "लावलं, अण्णा." झोत चाकांवरून, ब्रेकवरून, दिव्यावरून क्रमाने फिरला. इतकी वर्षं बॅटरी धरून त्यांचा क्रम पाठ झालेला होता. ते पुन्हा पानशेतला आले नाहीत. पण २००९ साली गेले तोवर, मी निघणार असेन त्या प्रत्येक शनिवारी तो झोत आला. त्यांनी मला बोल लावला नाही. लावला असता तर मला सोपं गेलं असतं, असं मला कित्येकदा वाटतं.

वाडा पडला, तिथे इमारत झाली. चेतकचं उत्पादन कंपनीने थांबवलं. २०२० साली विजेवर चालणारी नवी गाडी त्याच नावाने आली. माझी जुनी मी गॅरेजातल्या एका पोराला दिली. गुडघ्यांमुळे मी आता फारसा जात नाही, चिरंजीव जातात. ते मोटारीने जातात, मित्रांना घेऊन, पानशेतला नव्हे तर भिगवणला. उजनीच्या फुगवट्यात चिलापी भरपूर, हिवाळ्यात रोहित पक्षीही असतात, आणि शंभरेक किलोमीटर महामार्गाने जायचं म्हणजे त्यांना ती सहल वाटते.

मागच्या महिन्यात शुक्रवारी रात्री मी पार्किंगमध्ये उतरलो. पहाटे पाचला निघायचं ठरलं होतं. डिकी उघडून तळाचा पुठ्ठा उचलला तर स्टेपनीच नाही. चिरंजीव हसले. म्हणाले, "अब्बा, ट्यूबलेस आहे, हिला स्टेपनी लागत नाही." खरं आहे. ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचा संच असेल तर लहान मोटारीत जादा चाक नसलं तरी चालतं, असा बदल नियमात २०२० साली झाला. मी म्हटलं, "मग तो संच दाखव." एक छोटा पंप निघाला आणि भोक बुजवणाऱ्या द्रवाची बाटली. चष्मा लावून बाटलीवरची मुदत वाचली. संपून चौदा महिने झाले होते.

रात्रीचे साडेनऊ. नाना पेठेतली दुकानं बंद. मी गाडीची किल्ली खिशात घातली आणि वर येऊन झोपलो. शनिवारी सकाळी दुकान उघडल्यावर नवी बाटली आणली, पायपंपही डिकीत ठेवायला लावला. पाचला निघणारी मंडळी साडेदहाला निघाली. त्यांचे मित्र माझ्याकडे ज्या नजरेने पाहत होते ती नजर सदाशिव पेठेतल्या भुवयांपेक्षा कडक होती.

रात्री साडेनऊला गाडी परत आली. तीन चिलापी मिळाल्या होत्या, त्या वाटेत नाना पेठेत आत्याकडे उतरवून आलेले. वाड्याची अट आम्ही वाडा पडल्यावरही मोडलेली नाही. चिरंजिवांनी डिकी उघडून बाटली दाखवली, सील तसंच. "वापरावं लागलं नाही," ते जरा घुश्शातच म्हणाले.

मी पंप काढून घेतला आणि जिन्याखाली त्याच्या जागी ठेवला.